रोटाव्हायरसची लस: खोक्यावरचे जी१, जी२ मोजून घ्यायची का?

लांबलचक रिव्ह्यू आहे, आधीच सांगते. ज्यांना फक्त उत्तर पाहिजे त्यांनी एवढंच वाचा: सरकारी दवाखान्यात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाची (बाळांना जोराचे जुलाब करणारा व्हायरस, त्याच्यावरची) जी लस फुकट पाजतात ती घ्या, तिन्ही डोस घ्या, आणि ब्रँडच्या नादात पहिला डोस लांबवू नका. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

माझ्या बहिणीला मुलगी झाली आणि घरात परस्पर ठरलं की लशींचं सगळं मी बघायचं, का तर मी मायक्रोबायोलॉजी केलंय. एमएस्सी केलं, लग्नाआधी एका लॅबमध्ये स्टूल सॅम्पलवर काम केलं, त्यामुळे जुलाबाचे व्हायरस हा विषय मला जेवताना पण बोलता येतो (सासूबाईंना आवडत नाही). तर ताईसोबत दोन ठिकाणी जाऊन आले, एक आमच्या भागातला महापालिकेचा दवाखाना आणि एक खासगी क्लिनिक, आणि घरी येऊन सगळ्या लशींची माहितीपत्रकं काढून वाचली. हा रिव्ह्यू लशीचा आहे, डॉक्टरांचा नाही, तुमच्या बाळाचं काही वेगळं असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

खासगी क्लिनिकचं नाव घेत नाही, पण तिथे रिसेप्शनवर जे ऐकलं त्यामुळेच हे लिहायला घेतलं. काउंटरवरच्या मॅडम एकदम कॉन्फिडन्सने म्हणाल्या, "ताई इम्पोर्टेड घ्या, ती जास्त स्ट्रेनवर चालते, सरकारीत एकच स्ट्रेन असतो." (स्ट्रेन म्हणजे त्याच व्हायरसचा एक वेगळा प्रकार.) आणि हातात रेटकार्ड. मी विचारलं कुठली इम्पोर्टेड, तर रोटारिक्सचं खोकं दाखवलं. आता गंमत बघा, रोटारिक्समध्ये एकच स्ट्रेन आहे. जी१पी[८] (ही त्या प्रकाराची खूण, अर्थ खाली सांगते). एक. आणि पाच स्ट्रेनवाली जी आहे ती आपल्या पुण्यातच बनते, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये, रोटासील, आणि ती सरकारी कार्यक्रमात कितीतरी ठिकाणी फुकट मिळते. म्हणजे मॅडमचाच नियम लावला तर महागडी लस पहिल्याच राउंडला बाद. पण तो नियमच लावायचा नसतो, हेच मला सांगायचंय.

आईबाबांच्या ग्रुपवर पण हाच प्रश्न फिरत असतो, "खोक्यावर पाच लिहिलंय म्हणजे एकवालीपेक्षा पाचपट चांगली ना?" नाही. मसाल्याच्या पाकिटावर एकवीस मसाले लिहिले म्हणून रस्सा चांगला होतो असं असतं का. पण हे नंबर फालतू आहेत असंही समजू नका, त्यांच्यामागे फार सुंदर काम आहे, आणि ते एकदा कळलं की खोकं कसं वाचायचं ते आपोआप कळतं.

थोडं मागे जाते. १९७३ मध्ये मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रुथ बिशप आणि त्यांच्या टीमने जुलाब झालेल्या बाळांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले आणि त्यात गोल गोल व्हायरस दिसले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधले फ्ल्युएट यांनी त्याचा चाकासारखा आकार बघून रोटा हे नाव सुचवलं. आता व्हायरस दिसला, पण सगळ्या बाळांत तोच का वेगवेगळे? मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच दिसतात. तेव्हा जीन वाचायची सोय आजच्यासारखी नव्हती. मग ओळखायचं कसं? तर शरीर त्यांना कसं ओळखतं ते बघायचं. म्हणजे व्हायरसची विभागणी व्हायरसकडे बघून नाही केली, त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी कोणाला अडवतात आणि कोणाला सोडून देतात त्यावरून केली. मला हे अजूनही भारी वाटतं.

ती टेस्ट कशी असते ते सांगते कारण याचं वर्णन मराठीत कुठे सापडत नाही. एका गिनी पिगला, ज्याच्या रक्तात आधीपासून रोटाच्या अँटिबॉडी नाहीत अशाला, एकाच स्ट्रेनचे डोस देऊन देऊन त्याचं सीरम (रक्तातला अँटिबॉडी असलेला पाणीदार भाग) एकदम कडक करायचं. त्या सीरमचं मग डायल्युशन करत, म्हणजे ते पातळ करत जायचं, शंभरपट, दोनशेपट, चारशेपट, असं प्लेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक खाचेत ठरलेला व्हायरस टाकायचा, त्याला आधी ट्रिप्सिन (आतड्यातलं प्रथिनं तोडणारं पाचक एन्झाइम) लावून चेतवायचं, कारण रोटा हा आतड्यातला पाहुणा, ट्रिप्सिनने त्याच्या अंगावरचे काटे कापल्याशिवाय तो पेशीत नीट शिरत नाही. मग हे मिश्रण एमए१०४ नावाच्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ओतायचं, रात्रभर ठेवायचं, रंग द्यायचा आणि सकाळी डोळे फोडून ठिपके मोजायचे. जितके ठिपके तितक्या पेशी लागण झालेल्या. ज्या डायल्युशनपर्यंत सीरम ठिपके अर्ध्याहून जास्त कमी करतंय तो त्याचा टायटर. सांगायला सोपं आहे, पण एक पिपेटिंग चुकलं की अख्खी प्लेट गेली, आणि ट्रिप्सिन जरा जास्त झालं की सकाळी पेशीच सुटून तरंगताना दिसतात, मग मोजा काय मोजायचं ते.

आता ए स्ट्रेनचं सीरम ए व्हायरसला खूप पातळ केलं तरी अडवतं, पण बी व्हायरसला अडवायला ते वीसपट किंवा त्याहून जास्त घट्ट लागतं, आणि उलट बाजूनेही तसंच, म्हणजे बीचं सीरम एला अडवायला वीसपट घट्ट लागतं, तर हे दोन वेगळे सीरोटाइप. दोन्ही बाजूंनी फरक दिसला पाहिजे ही अट महत्त्वाची. यातून एक, दोन, तीन, चार असे नंबर पडत गेले. माणसांतल्या स्ट्रेनचं हे काम सुरुवातीला अडलं होतं कारण माणसाचा रोटा लॅबमधल्या पेशींमध्ये वाढायलाच तयार नव्हता. डब्ल्यूए नावाचा स्ट्रेन जंतूमुक्त वाढवलेल्या डुकराच्या पिल्लांतून एकामागोमाग अकरा वेळा नेला तेव्हा कुठे १९८० मध्ये तो पेशींमध्ये वाढला. तोच आज जी१ चा नमुना मानतात. म्हणजे खोक्यावरचा तो साधा जी१ बघा, त्याच्यामागे किती पिल्लं आणि किती रात्री गेल्यात.

जी आणि पी म्हणजे काय तर व्हायरसच्या बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं असतात. गुळगुळीत कवच आहे ते व्हीपी७, ते ग्लायकोप्रोटीन, म्हणून जी. त्यातून बाहेर आलेले काटे आहेत ते व्हीपी४, ते प्रोटिएजने म्हणजे त्या ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमने कापलं जातं, म्हणून पी. शरीर दोघांविरुद्धही अडवणाऱ्या अँटिबॉडी करतं. म्हणून प्रत्येक स्ट्रेनला दोन नंबर.

आणि पी च्या नंबरला चौकोनी कंस का हे मला एमएस्सीच्या वर्गात कोणीच सांगितलं नव्हतं. जी चं काम सरळ होतं, सीरमवरून जो नंबर पडला तोच नंतर जीन वाचल्यावरही टिकला, जी१ म्हणजे जी१. पी चं तसं झालं नाही. पी साठी स्वच्छ सीरम बनवणं अवघड, कारण कुठल्याही व्हायरसला जी आणि पी दोन्ही असतात, मग अँटिबॉडी नक्की कोणाविरुद्ध आहे ते वेगळं काढायला मुद्दाम जोड-तोड केलेले, म्हणजे दोन व्हायरसचे जीन मिसळून बनवलेले व्हायरस लागतात. तोपर्यंत जीनवाले पुढे निघून गेले आणि त्यांनी त्यांचे नंबर पाडले, दोन्ही यादी जुळेनात. मग तडजोड, सीरमवरचा नंबर उघडा आणि जीनवरचा कंसात. त्यामुळे काही पेपरात पी१ए[८] असं विचित्र दिसतं ना, ते एकाच प्रथिनाचे दोन खात्यांनी दिलेले दोन नंबर आहेत. आता तर जवळपास सगळीकडे पीसीआर आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे थेट जीनच तपासायचे, ठिपके मोजत कोण बसतंय, जी चे प्रकार चाळीसच्या आसपास आणि पी चे पन्नासच्या वर गेलेत, बहुतेक जनावरांतले. माणसांत जास्त करून जी१, २, ३, ४, ९ आणि १२, आणि त्यांच्यासोबत पी[८], पी[४], पी[६].

आता येऊ दुकानात.

रोटारिक्स: एक स्ट्रेन, जी१पी[८], अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका मुलातून मिळालेला माणसाचाच व्हायरस, लॅबमध्ये वाढवून वाढवून मवाळ केलेला. दोनच डोस, ही हिची खरी सोय. गोड लागते, बाळं थुंकत नाहीत.

रोटाटेक: गाईच्या व्हायरसवर माणसाच्या व्हायरसचे तुकडे बसवलेले पाच वेगवेगळे व्हायरस, चारांवर जी१ ते जी४ आणि पाचव्यावर पी[८]. तीन डोस. पाच म्हणतात ते असे पाच.

रोटासील: हिच्यातही गाईचा व्हायरस आणि वर माणसाचे जी१, जी२, जी३, जी४, जी९. हे मूळ जोड-तोडीचे स्ट्रेन अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत तयार झाले, लस सिरमने केली. लक्षात घ्या, पाचही जी आहेत, पी मात्र पाचांनाही गाईचाच. तीन डोस. म्हणजे रोटाटेकचे पाच आणि रोटासीलचे पाच हे सुद्धा एक पाच नाहीत, मग खोक्यावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून काय कळणार.

रोटाव्हॅक: ही सगळ्यात मजेशीर. भारत बायोटेकची. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या वॉर्डात रोटा फिरत होता पण बाळांना जुलाबच होत नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांच्या टीमने तो पकडला, नाव ११६ई. तपासल्यावर निघाला जी९पी[११], आणि त्याचा पी गाईकडून आलेला, निसर्गानेच जोड-तोड करून ठेवलेली. मोठ्या ट्रायलमध्ये दिल्ली आणि वेल्लोरसोबत आपलं पुणंही होतं, ६७९९ बाळं. २०१५ मध्ये बाजारात आली, २०१६ मध्ये चार राज्यांपासून सरकारी कार्यक्रमात रोटा सुरू झाली आणि २०१९ मध्ये देशभर. पाच थेंबांचा डोस, बस.

आता सीरोटाइपच्या हिशोबाने रोटाव्हॅक म्हणजे आनंदच आहे बघा. आपल्याकडे तेव्हा बाळांना आडवं करणारे स्ट्रेन कोणते, जी१पी[८], जी२पी[४] असले. आणि हिच्यात जी९पी[११]. पी[११] तर माणसांत एरवी फारसा भेटतही नाही. गिनी पिगच्या सीरमची टेस्ट लावली तर ही लस जी१ ला ओळखायलाच नको. पण ट्रायलमध्ये गंभीर रोटा जुलाबाविरुद्ध साधारण ५४ टक्के संरक्षण मिळालं, आणि ते फक्त जी९ विरुद्ध नव्हतं, बाकीच्या स्ट्रेनवरही चाललं. रोटारिक्सचंही तसंच, ब्राझीलने २००६ मध्ये ती सुरू केली आणि नंतर तिथे जी२पी[४] भरपूर दिसायला लागला, हा जी१पी[८] शी जी मध्येही जुळत नाही आणि पी मध्येही नाही, लोक घाबरले की संपलं आता, पण गंभीर आजाराला लस थोपवतच राहिली. ऑस्ट्रेलियात २००७ पासून काही राज्यांत एक स्ट्रेनवाली आणि काही राज्यांत पाचवाली अशी वर्षानुवर्षं चालू होती, आयता प्रयोगच, दोन्हीकडे हॉस्पिटलमधली गर्दी उतरली, आणि २०१७ मध्ये त्यांनी सगळीकडे एक स्ट्रेनवालीच केली.

असं का होतं? कारण गिनी पिगच्या सीरममधली अडवणारी अँटिबॉडी म्हणजे बाळाची अख्खी इम्युनिटी नव्हे. बाळाच्या आतड्यात आयजीए (आतड्याच्या अस्तरावर काम करणारी अँटिबॉडी) तयार होते, टी-सेल (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या वगैरे पेशी) असतात, आणि जी-पी सोडून आतल्या प्रथिनांविरुद्धही प्रतिसाद असतो, जो सगळ्या स्ट्रेनमध्ये जवळपास सारखा. सीरोटाइप ही वर्गवारी बरोबर आहे पण ती लॅबच्या प्लेटमधल्या एका कामाची वर्गवारी आहे. पहिल्या लागणीनंतर अँटिबॉडी बऱ्यापैकी त्या त्या टाइपपुरत्या असतात, पुढच्या लागणींनंतर त्या रुंदावत जातात. म्हणून तर डोस दोन-तीन असतात! त्यातला दुसरा-तिसरा बुडवणारे लोक नेमकी ही रुंदावणारी पायरीच बुडवतात.

मग खरा फरक कशाने पडतो? बाळ कुठे वाढतंय त्याने. तीच एक स्ट्रेनवाली रोटारिक्स युरोपात पहिल्या सीझनला गंभीर आजाराविरुद्ध ९५ टक्क्यांच्या वर आणि आफ्रिकेत मलावीमध्ये ४९. तीच पाच स्ट्रेनवाली रोटासील नायजरमध्ये ६६.७ आणि भारतातल्या ट्रायलमध्ये दोन वर्षांपर्यंत बघितलं तर ३९.५. भारतातल्या अतिगंभीर केस तेवढ्या काढल्या तर ५४.७. हे आकडे वाचून लगेच कोणी रोटाव्हॅक ५४ आणि रोटासील ३९ म्हणजे रोटाव्हॅक जिंकली असं करू नका, दोन वेगळ्या ट्रायल, जागा वेगळ्या, केस पकडायची पद्धत वेगळी, एका रेषेत ठेवताच येत नाहीत. पण एक दिसतं की लेबलवरच्या स्ट्रेनपेक्षा देश जास्त बोलतो. कारणं बरीच सांगतात, आईकडून आलेल्या अँटिबॉडी, सोबतच पाजलेला पोलिओचा डोस, सतत जंतू झेलून सुजलेलं आतडं, पोषण, आणि काही मुलांच्या आतड्यावरच्या साखरेच्या रेणूंची ठेवणच अशी की काही पी टाइप त्यांना नीट चिकटत नाहीत, मग लशीचा व्हायरसही नाही चिकटत. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही.

हो, आणि आमच्या आजी लस पाजायच्या आधी अर्धा तास बाळाला अंगावर पाजू नको म्हणून अडून बसल्या होत्या, दुधाने लस मरते म्हणे. यावर भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत रीतसर अभ्यास झालेत, दूध थांबवून काही फायदा दिसला नाही. पाजा बिनधास्त. भुकेलं बाळ दवाखान्यात जो तमाशा करतं त्यापेक्षा बरंच.

आता प्रत्यक्ष अनुभव. महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, टोकन घेऊन बाकावर बसायचं, पंखा एकच आणि तो नेमका रजिस्टर लिहिणाऱ्या सिस्टरच्या डोक्यावर. पण काम पक्कं. सिस्टरने आधी कुपीवरचा चौकोन आम्हाला दाखवला, आतला रंग बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे ना, म्हणजे उष्णतेने लस खराब झालेली नाही. खासगीत हे कोणी दाखवलं नव्हतं. मग ताईला म्हणाली, "मांडीवर जरा उभट धर गं, डोकं हातावर, अगदी आडवं नको," आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला तोंडाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडलं, घशात सरळ नाही मारलं. भाचीने आधी तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, एक थेंब हनुवटीवर आला, सिस्टरने बोटाने गाल दाबून धरला आणि गिळवलं. रोटा आधी पाजली आणि सुया नंतर, हे पण डोकं आहे, रडायला लागलं की तोंडातलं आत कसं जाणार. एक थेंब सांडला म्हणून ताई घाबरली, सिस्टर म्हणाली एवढ्याने काही होत नाही.

पाजण्याच्या सोयीचं म्हणाल तर पाच थेंबवाली रोटाव्हॅक सगळ्यात सुटसुटीत. रोटासील आधी पावडर आणि सोबतचं पाणी अशी यायची, मिसळा, ओढा, पाजा, आणि अडीच मिली म्हणजे दीड महिन्याच्या बाळाच्या मानाने तोंडभर झालं. पण ती पावडर उष्णतेला दणकट, फ्रीजचा भरवसा नसलेल्या गावांसाठी तीच सोयीची. आता लिक्विड पण आली, दोन मिली. २०१८ मध्ये आपल्या दोन्ही देशी लशींना जागतिक आरोग्य संघटनेची प्रीक्वालिफिकेशन, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता मिळाली, त्यामुळे सरकारी आहे म्हणजे हलकी असेल हा विचार डोक्यातून काढा.

एक स्टार का कापला? माहितीपत्रकासाठी. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत, आणि त्यात जी-पी चे नंबर ठळक पण आईने काय बघायचं ते आत कुठेतरी. आईने बघायचं ते हे: लशीनंतरच्या पहिल्या आठवडाभरात बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, उलट्या करतंय, शीमध्ये रक्त किंवा लालसर जेलीसारखं दिसतंय, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आतड्यात आतडं शिरतं, त्याला इंटससेप्शन म्हणतात. हे फार क्वचित होतं, लस न घेतलेल्या बाळांतही होतं, पण याच्याचमुळे १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली रोटाशील्ड नावाची पहिली लस वर्षभरात, १९९९ मध्ये काढून घ्यावी लागली होती, म्हणून पुढच्या लशींच्या ट्रायल हजारो बाळांवर केल्या. ज्या बाळाला आधी हा त्रास होऊन गेलाय किंवा इम्युनिटीचा गंभीर जन्मजात आजार आहे त्याला ही लस देत नाहीत. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. खासगीत सांगितलं नाही, सरकारीत गर्दीत राहून गेलं, मी विचारल्यावर सिस्टरने सांगितलं.

अजून एक प्रॉडक्ट, आलंच आहे तर. मेडिकलमधून किंवा लॅबमधून रोटाची कार्ड टेस्ट करून घ्यायची फॅशन आलीय, बाळाला जुलाब झाले की "रोटा आहे का बघा ना". ती टेस्ट व्हीपी६ नावाचं मधल्या थराचं प्रथिन पकडते, जे ग्रुप ए च्या सगळ्या रोटांमध्ये सारखं असतं. म्हणून ती चालते छान पण जी१ का जी३ हे काही सांगत नाही. लॅबमध्ये ईलायझावर (रंग बदलून प्रथिन दाखवणारी प्लेटवरची टेस्ट) मी हेच करायचे, पिवळा रंग आला की पॉझिटिव्ह, पुढचं टायपिंग, म्हणजे कुठला जी आणि कुठला पी ते ठरवणं, सर्व्हेलन्सवाले (आजारांवर पाळत ठेवणारे) करणार. आणि घरी तुम्हाला कळून करायचं काय? रोटा असो नाहीतर नोरो (जुलाब-उलट्यांचा दुसरा व्हायरस), घोटघोट ओआरएस, अंगावरचं दूध चालू, चौदा दिवस झिंक, आणि बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, डोळे आत गेले की डॉक्टर. टेस्टला दोन स्टार, टेस्ट वाईट म्हणून नाही, पैसे वाया म्हणून.

टायपिंग कामाचं नाही असा अर्थ नका काढू हां. ते आईबाबांच्या कामाचं नाही, देशाच्या कामाचं आहे. आपल्याकडे २००५ मध्ये आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सर्व्हेलन्स नेटवर्क सुरू झालं, पुण्याच्या एनआयव्हीमध्ये (राष्ट्रीय विषाणू संस्था) तर रोटाच्या टायपिंगवर त्याच्याही आधीपासून काम होतंय. पूर्वी आपल्याकडे जी१पी[८] चं राज्य होतं, साधारण २०१६ नंतर जी३पी[८] पुढे आला. असे फेर लस नसतानाही होत आलेत, त्यामुळे लगेच लशीला चुकवून पळाला म्हणायची घाई नको, पण लक्ष ठेवलं पाहिजेच, उद्या खरंच एखादा असा आला की जो सगळ्या जुन्या ओळखी चुकवतो तर तो आधी या लोकांच्या प्लेटमध्ये दिसणार. नोरोव्हायरसची तर याहून वाईट गत, तो दर काही वर्षांनी रूप बदलतो आणि त्याच्यावर अजून बाजारात लसच नाही.

कमेंटमध्ये विचारतील म्हणून आधीच. पहिला डोस एका ब्रँडचा आणि दुसऱ्या वेळी तो मिळत नसेल तर? शक्यतो तोच घ्या, पण नसेल तर आहे तो घ्या, थांबू नका. उशीर झाला असेल तर? सरकारी नियमात पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आत चालतो, खासगी डॉक्टर बरेचदा पंधरा आठवड्यांनंतर सुरू करत नाहीत, त्यामुळे तिथून परत पाठवलं तर सरकारीत जाऊन विचारा. पैसे भरून रोटारिक्स घ्यावी का? दोन डोसांत मोकळं व्हायचंय आणि परवडतंय तर घ्या, चांगली लस आहे, फक्त जास्त स्ट्रेन म्हणून घेऊ नका कारण नाहीयेत. आणि कुठलीही घेतली तरी कार्डावर नुसतं "रोटा" लिहून देतात, त्यांना ब्रँड आणि बॅच नंबर लिहायला लावा, आम्हाला पहिल्या वेळी परत रांगेत उभं राहून लिहून घ्यावं लागलं.